तेवीस दगडांचं टेबल

मन्मथ मास्तरांचं टेबल दुपारी अडीचला तयार झालं आणि पावणेतीनला ते वाकायला लागलं.

खरं तर असं व्हायला नको होतं. तांत्रिक शाळेत सव्वीस वर्षं पोरांना वेल्डिंग शिकवून मास्तर निवृत्त झाले होते आणि त्या सव्वीस वर्षांत एकाही पोराचा जोड त्यांनी सरळ म्हटला नव्हता. आता लातुरातल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचं वेल्डिंग मशीन बसवलं होतं, आणि त्याच्यासाठी लोखंडी टेबल करायला घेतलं होतं. जाड अँगलचे पाय, वर दहा एमएमची प्लेट. सगळ्या गल्लीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, "बेअरिंगची गोळी वर ठेवायची. जागची हलली तर माझं नाव बदला."

पण वेल्डिंग निवताना लोखंड ओढून घेतं आणि प्लेट वाकडी होते, हे शिकवताना जेवढं सोपं असतं तेवढं बघताना नसतं. चारही कोपरे वर यायला लागले होते. उपाय मास्तरांना तोंडपाठ होता: प्लेटवर वजन ठेवायचं आणि संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही.

वजन कशाचं ठेवायचं? घरात एक पाटा होता, पण मास्तरांच्या बायको शिवकांताबाई त्याच्याच शेजारी पदर घेऊन आडव्या झाल्या होत्या. मास्तरांनी फाटक उघडलं. उन्हानं गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आणि समोर, लिंबाच्या झाडापासून थेट कोपऱ्यापर्यंत, भिंतीकडेनं चांगले वजनदार दगड ओळीनं मांडून ठेवले होते. कशावर चुन्याची फुली, कशावर काव, एकावर निळ्या रंगाचा ठिपका.

मास्तरांनी एका नजरेत ओळखलं. लातूर जिल्हा झाल्यापासून रोज कुणी ना कुणी साखळी घेऊन मोजणीला येत होतं आणि रस्त्याला खुणा करून जात होतं. वर दुष्काळी कामंही निघाली होती. म्हणजे हे दगड सरकारी, आणि सरकारी माणूस काही आज संध्याकाळच्या आत येत नाही. तोवर परत ठेवता येतील.

मास्तर शिस्तीचे. त्यांनी लिंबापासून सुरुवात केली. पहिला, निळ्या ठिपक्याचा दगड बुडाला गोल निघाला, प्लेटवर ठेवला की डुगडुगायचा. तो त्यांनी घणानं फोडला आणि त्याच्या चिपा टेबलाच्या आखूड पायाखाली ठोकल्या. टेबल बसलं. मग उरलेले तेवीस दगड एकेक करून, उजव्या कोपऱ्यापासून ओळीनं त्यांनी प्लेटवर रचले. कोपरे खाली बसले. मास्तरांनी घाम पुसला, आतल्या बादलीतलं तांब्याभर पाणी तोंडावर मारलं आणि समाधानानं खाटेवर पडले.

चारच्या सुमाराला टँकरचा हॉर्न वाजला, आणि पाचच मिनिटांत गल्लीत असा कालवा उठला की मास्तर दचकून उठले.

तीन दिवसांनी टँकर आला होता. घागरी, हंडे, तेलाचे डबे घेऊन बाया लिंबाखाली जमल्या होत्या आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. कोपऱ्यावरच्या सरजाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"माझा दुसरा नंबर हाय. सकाळधरनं हाय."

"दुसरा तुमचा कसा? तुमी तर उन्हं वर आल्यावर आलाव," दानम्मा म्हणाली. "दुसरा माझा."

टँकरचा ड्रायव्हर निवृत्ती पायरीवर उभा राहून ओरडला, "लाइन लावता का जाऊ फुडच्या गल्लीत? धा मिनिटं थांबतो. मग म्हणू नका."

मास्तरांना राहवलं नाही. ते फाटकात येऊन उभे राहिले आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "जिल्ह्याचं गाव झालं तुमचं. साधी लाइन लावता येत नाही? शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

"शिस्त होती की मास्तर," सरजाबाई म्हणाल्या. "पर दगडंच न्हाईत."

"कसले दगड?"

"नंबराचे. पहाटं आपापला दगड ठिवायचा आन् कामाला लागायचं. टँकर कवाबी येवो, दगडाच्या नंबरानं पाणी. दोन महिने झाले, कुणाचं भांडण न्हाई. आज कुण्या मेल्यानं सगळे उचलून नेले."

दोन महिने. या दोन महिन्यांत सकाळी न्हाणीत बादली भरलेली असे, देवापुढचा तांब्या भरलेला असे, आणि ते पाणी कुठून येतं हे मास्तरांनी एकदाही विचारलं नव्हतं. ते मागं वळले, शेडमध्ये गेले आणि दगडांवर एक पोतं टाकलं. ते पुरलं नाही, म्हणून दुसरं टाकलं. मग उगीच हातात कानस घेऊन उभे राहिले.

बाहेर आवाज वाढत होता. त्यात आता शिवकांताबाईंचा आवाज होता.

"पहिला माझा होता, सगळ्यांनी बघितलाय. निळा ठिपका."

"तुमचाच आवाज लई मोठा हाय, काकू," दानम्मा म्हणाली. "दगडाची टूम तुमीच काढली, आन् आज दगडं गेली तर पुन्हा पहिला नंबर तुमचाच?"

शिवकांताबाईंना आयुष्यात कुणी खोटं म्हटलं नव्हतं. शेडमध्ये मास्तरांनी ते ऐकलं, आणि त्यांना वाटलं, आता धरणी फाटावी आणि टेबलासकट आपल्याला पोटात घ्यावं. निळा ठिपका. घराच्या दाराला त्यांनीच दिलेला निळा रंग. उरलेला डबा कोनाड्यात होता.

गुपचूप बसलं तर गल्ली तीन दिवस कोरडी. बोललं तर आपली सव्वीस वर्षं मातीत. निवृत्तीनं इंजिन चालू केलं.

मास्तर बाहेर धावले. "थांब रे. थांबा सगळे. दगड माझ्याकडं आहेत."

निवृत्तीनं इंजिन बंद केलं.

"तुमच्याकडं कामून?" सरजाबाईंनी विचारलं.

"टेबलावर ठेवलेत. वजनाला." पुढचं त्यांना जमिनीकडं बघूनच बोलता आलं. "मला वाटलं, सरकारी आहेत."

कुणीतरी फसकन हसलं. मग मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "पण जसे होते तसेच क्रमानं रचलेत. उजव्या कोपऱ्यापासून. नंबर चुकणार नाही."

सगळ्या बाया घागरी घेऊन शेडमध्ये शिरल्या. पोती उडाली. "ह्यो माझा, चुन्याच्या फुलीचा," म्हणत सरजाबाईंनी पहिला दगड उचलला, मग दानम्मानं तिचा, आणि बघता बघता टेबल रिकामं झालं. अजून न निवलेली प्लेट मास्तरांच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर यायला लागली.

"सरजामावशीच खऱ्या," दानम्मा ओशाळून म्हणाली. "पर काकूचा पहिला कुठाय?"

शिवकांताबाई वाकून टेबलाच्या पायाखाली बघत होत्या. निळा ठिपका तिथं अर्धा दिसत होता.

"फोडला व्हय?" त्यांनी विचारलं.

"बुडाला गोल होता," मास्तर म्हणाले.

"असू द्या काकू, पहिला तुमचाच," दानम्मा घाईनं म्हणाली. "माझं चुकलं."

"न्हाई. दगड न्हाई तर नंबर न्हाई. ठरलंय तसं. मी शेवटी थांबते."

आणि त्या थांबल्या. चोविसाव्या नंबराला निवृत्तीनं नळी दोनदा झटकली तेव्हा अर्धी घागर भरली. मास्तर फाटकाआड उभे होते. ती घागर तरी आपण आत न्यावी म्हणून ते पुढं झाले, पण शिवकांताबाईंनी ती स्वतःच उचलून कमरेवर घेतली.

दिवेलागणीला सरजाबाई एक कळशी घेऊन आल्या. "तुमच्यासाठी न्हाई मास्तर," त्या म्हणाल्या. "शिवकांतासाठी हाय." मास्तरांनी मान हलवली. त्या गेल्यावर त्यांनी शेडमध्ये जाऊन बेअरिंगची गोळी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. ती सरळ मधोमध गेली. चारही कोपऱ्यांवरून ठेवून बघितली, चारही वेळा ती मधेच जाऊन बसली.

नंतरचे दोन दिवस मास्तरांनी अंघोळ केली नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शिवकांताबाई दाराबाहेर आल्या, तर मास्तर आधीच लिंबाकडं निघाले होते. छातीशी एक मोठा दगड धरला होता. त्यावर निळ्या रंगानं, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: सौ. शिवकांता.

लिंबाखाली सरजाबाई पहिला नंबर लावून बसल्या होत्या. मास्तरांनी त्यांच्यामागं दगड ठेवला. तो डुगडुगला.

"लेव्हल न्हाई मास्तर," सरजाबाई म्हणाल्या. "डुगडुगता दगड आमी धरत न्हाई."

मास्तर खाली बसले, सदऱ्याच्या खिशातून निळ्या ठिपक्याची एक चीप काढली आणि दगडाखाली सरकवली. दगड पक्का बसला.

शेडमधलं टेबल मात्र त्या दिवसापासून एका पायावर डुगडुगतं.