नवव्या प्रकरणातली उघाडी

सगुणाचं लग्न एका कादंबरीच्या नवव्या प्रकरणामुळे अडलं होतं. मुलगा पसंत होता, मुलगी पसंत होती, दोन्ही घरांत वर्षानुवर्षांची ये-जा होती. आडवं आलं होतं ते फक्त नववं प्रकरण, आणि ते सगुणानंच वाचून दाखवलं होतं.

सगुणा रसायनशास्त्राची पदवीधर. पेणहून रोज एसटीनं धाटावला जाऊन ती एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. जनू त्याच कंपनीत शिफ्टवर होता. दोघांच्या बापांनी पेणच्या खाडीवर एकाच मिठागरात तीस वर्षं काढली होती. सगुणाचा बाप कान्हू उघाडीचा राखणदार, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायला बंधाऱ्यात जी लाकडी झडप असते, तिच्यावरचा माणूस. जनूचा बाप नाथा मुकादम. आता दोघंही घरी होते आणि रविवारी दुपारी कान्हूच्या ओटीवर पान खात बसायचे.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सगुणानं वाचनालयातून एक कादंबरी आणली. कादंबरी मिठागरावरची होती, म्हणून तिनं आपलं आवडतं नववं प्रकरण दोघांना वाचून दाखवलं. मीठ गोळा करायच्या आदल्या दिवशी कुणीतरी उघाडी उघडतं, खाडी आत येते आणि हंगामभराचं मीठ विरघळून जातं. संशय दोघांवर: राखणदार धर्मा आणि मुकादम. कुणी उघडली ते लेखक सांगत नाही. सगुणाला नेमकं तेच आवडलं होतं. पुरावा नाही म्हणून निष्कर्षही नाही, असं दुसरं प्रकरण तिच्या वाचनात नव्हतं. मधली चांदण्याची वर्णनं तिनं वाचताना गाळली. चंद्राच्या वर्णनात माहिती काही नसते, असं तिचं निरीक्षण होतं.

नाथानं पान लावता लावता सांगितलं, की धर्मा झोपला असणार, त्याच्या झोपेचा फायदा कुणीही घेतला असेल. कान्हू म्हणाला, उधाणाच्या दिवशी राखणदार झोपत नसतो, हे काम मुकादमाचं. पहिली दहा मिनिटं बोलणं धर्माबद्दल होतं. मग ते कान्हूबद्दल झालं. नाथाला बासष्ट सालची एक दुपार आठवली, ज्या दुपारी कान्हूला हलवून उठवावं लागलं होतं. कान्हूला त्याच सालचे मुकादमाचे दोन उद्योग आठवले. नाथा अर्धं पान तसंच ठेवून उठला. पुढच्या गुरुवारी सुपारी फुटायची होती. ती फुटली नाही.

"झोपाळू घरातली पोर आमाला नको," असा नाथानं जनूबरोबर निरोप पाठवला.

"लबाडाच्या घरात आमी देत नाय," असा कान्हूनं परत पाठवला, तोही जनूबरोबरच. जनूनं दोन्ही निरोप जसेच्या तसे पोचवले. तो प्रामाणिक मुलगा होता.

सगुणानं दोघांना वेगवेगळं गाठून समजावलं, की धर्मा आणि मुकादम मुळात नाहीतच. दोघांनीही ते ऐकून घेतलं. नाथा म्हणाला, नसतील, पण झोपला व्हता तो धर्माच.

दीड महिना गेला. शेवटी आई, हौसा, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "गो बाय, ज्यानं लिवलंय त्यालाच इचार ना. त्याला तरी ठावं असंल."

योग असा, की त्याच शनिवारी रोह्याच्या एका वाचनालयात ते लेखक, श्री. रिसबूड, वाचकांना भेटायला येणार होते. सगुणा ड्युटी संपवून जनूसह गेली. तिच्याकडे बंधाऱ्याची आकृती आणि वहीचं एक पान भरून प्रश्न होते. तिच्या आधी एका गृहस्थांनी लेखकाला प्रेरणेबद्दल विचारलं. उत्तराला पंचवीस मिनिटं लागली. मग सगुणा उभी राहिली.

"नवव्या प्रकरणात उघाडी कुणी उघडली?"

रिसबूड समाधानानं हसले. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही. माझं लग्न अडलंय."

सभागृहात थोडी हालचाल झाली. तिनं थोडक्यात हकीकत सांगितली आणि पुरावा म्हणून जनूकडे बोट दाखवलं. जनू उभा राहून परत बसला. रिसबूड हेलावले. पंधरा वर्षांच्या लेखनात त्यांच्या पुस्तकामुळे कुणाचं काही अडल्याचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं. ते म्हणाले, खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही, हा निर्णय मी वाचकांवर सोडला आहे.

"वाचकांनी घेतलाय निर्णय," सगुणा म्हणाली. "दोघांनी दोन घेतलेत."

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला: उघाडी उघडली तेव्हा वाजले किती होते? रिसबुडांनी घड्याळाची वेळ दिली नव्हती, पण तो परिच्छेद त्यांचा आवडता होता. त्यांनी चष्मा लावला आणि तो आवाज लावून वाचला. "डोंगराआडून पौर्णिमेचा चंद्र नुकता वर येत होता, आणि त्याच क्षणी उघाडीतून खाडी फेसाळत आत घुसली."

सगुणानं वही मिटली. लेखकाला वाटलं, ती भारावली. तिनं शांतपणे विचारलं, हे तुम्ही पाहिलं होतं का? पाहिलं होतं, ते म्हणाले, गडब गावाच्या अलीकडे, एसटीच्या खिडकीतून. म्हणजे चंद्र पाहिला होता. पाणी त्यांनी मनानं घातलं होतं.

बाकीचे प्रश्न तिनं विचारलेच नाहीत. घरी येताच आधी तिनं लेखकाला सविस्तर पत्र लिहिलं, कारण चूक दिसल्यावर ती कळवायची हा प्रयोगशाळेतला नियम होता. मग हौसानं नाथाकडे निरोप धाडला, की पुस्तकवाल्याचा निकाल आलाय, ऐकायचा तर या. रविवारी नाथा आला आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसला. सगुणानं गाळलेलं वाक्य वाचलं.

मग कान्हूनं विचारलं, "पुनवेचा चांद वर येतो कदी?"

"सांजचा," नाथा भिंतीलाच म्हणाला.

"न् पुनवेच्या सांजला खाडी?"

"सुकी. भरती दुपारची व्हऊन जाते."

"मंग उघाडी उघडली तरी?"

नाथा वळला. "आतलंच पानी भायेर जाईल."

म्हणजे मीठ विरघळलंच नव्हतं. धर्मा झोपला असो, मुकादम लबाड असो, आत काही येणं शक्यच नव्हतं. दोन सज्जन माणसं दीड महिना फुकट बदनाम झाली होती. हे सगळं त्या रिसबुडानं केलं, यावर दोघांचं ताबडतोब एकमत झालं. नाथानं कान्हूकडे चुना मागितला. अशा माणसाला मिठागरावर हमालीलाही ठेवला नसता, असं कान्हू म्हणाला. मुकादम या नात्यानं नाथानं त्याला दुजोरा दिला. पान संपायच्या आत वैशाखातली तारीख ठरली.

पंधरा दिवसांनी पोस्टमननं कार्ड आणलं. दोघं व्याही ओटीवरच होते, मांडवाचे खांब मोजत होते. कार्ड रिसबुडांचं होतं. सगुणाच्या पत्रानं त्यांचे डोळे उघडले होते. पत्राला तिनं जोडलेला भरतीओहोटीचा तक्ता त्यांनी जाणकारांकडून तपासून घेतला होता आणि तो अचूक ठरला होता. दुसरी आवृत्ती छापखान्यात होती. तीत चंद्र काढून टाकून वेळ भर दुपारची केली होती, आता पाणी बिनचूक आत येईल. कृतज्ञता म्हणून पहिल्या दोन प्रती ते तिच्या वडिलांना आणि सासऱ्यांना पाठवणार होते.

"कुनाचं गो कार्ड?" नाथानं विचारलं.

"कंपनीचं," सगुणा म्हणाली. आयुष्यात तिनं नोंदवलेला हा पहिला चुकीचा निष्कर्ष.

ती आत गेली, कोरं कार्ड घेतलं आणि उलट टपाली उत्तर लिहिलं: "आपण चूक सुधारलीत, आनंद झाला. माझं लग्न वैशाखात आहे. तोपर्यंत कृपया ओहोटीच राहू द्यावी."