म्बाह वागिमिनची मागची सीट

सायकल दुरुस्त करायची की नवी घ्यायची, एवढंच ठरवायचं होतं. दुसऱ्या कुणी ते चहा निवायच्या आत ठरवलं असतं. पण म्हातारा वागिमिन कुठलीही गोष्ट बायकोला विचारल्याशिवाय ठरवत नसे. आणि त्याची बायको तुमिराह तर दोन भातकापण्यांपूर्वीच देवाघरी गेली होती.

सगळी गल्ली त्याला ‘म्बाह’ म्हणे, म्हणजे आजोबा. (खरी नातवंडं समुद्रापलीकडे, बातामला.) तिथूनच मुलाचा फोन आला.

“बाबा, नवी घ्या. त्या भंगाराच्या किंकाळ्या मला इथवर ऐकू येतात.”

“हो हो,” वागिमिन म्हणाला. जावा बेटावरच्या त्यांच्या बांतुलकडची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. आधी हो म्हणायचं, मग हळूच विसरून जायचं.

खरी अडचण अशी, की दुकानातल्या नव्या सायकलींना मागे बसायला जागाच नव्हती. जुनीच्या कॅरियरवर वागिमिननं स्वतः शिवलेली गादी होती. तुमिराह तिच्यावर एका अंगाने बसायची आणि बाजार येईपर्यंत बडबडायची. ती गेली, तरी वागिमिननं बोलणं बंद केलं नव्हतं. “धर गं, खड्डा आहे,” म्हणायचा. घरात भिंतींशी बोलवत नसे. सायकलवर जमायचं, कारण तिथे तिचं तोंड तसंही कधी दिसत नसे.

सकाळी तो सायकल ढकलत पार्जान मिस्त्रीकडे गेला.

“म्बाह, हिची घंटी तेवढी ठेवू. बाकी सगळं बदलावं लागेल.”

“बदल लेका. पण मागची गादी राहू दे. जमलं तर थोडी मऊ कर.”

“मऊ? कुणी बसणार आहे वाटतं?”

वागिमिन लाजून हसला. “हो हो.”

“आपल्याच गल्लीतलं?”

“हो हो.”

“अरेच्चा! आणि कधीपासून चाललंय हे?”

“फार वर्षं झाली रे.”

पार्जानच्या हातातला पाना त्याच्याच पायावर पडला.

गल्लीत एकटी बाई एकच होती: डोंगराएवढी टोपली पाठीला बांधून काढे विकणारी लासिनेम. तिला सगळे ‘यू’ म्हणत, म्हणजे ताई. त्यामुळे नवरी शोधायला कुणाला फारसे कष्ट पडले नाहीत.

दुपार कलल्यावर वागिमिनच्या दारात बायका आल्या. पिवळ्या भाताची रास आली, सोयाबीनचं तळलेलं टेंपे आलं, गोड चहाची किटली आली, पाठोपाठ पुरुष चटया घेऊन आले. नव्या गाडीला गावजेवण घालतात हे वागिमिनला ठाऊक होतं. दुरुस्तीलाही घालतात हे नवीनच होतं. पण कुणीतरी त्याच्या ग्लासात चहा ओतला, कुणी “जेवलात का, म्बाह?” म्हणून विचारलं, आणि त्याची चौकशी करायची इच्छाच गेली. (एवढी माणसं या घरात शेवटची आली होती ती तुमिराहला न्यायला.)

मग गल्लीचा मुखिया खाकरला. “या वयात सोबत हवीच. तर मग लग्नाची तारीख कोणती?”

वागिमिननं चहाचा ग्लास खाली ठेवला. आता खरं सांगायला हवं होतं. पण सांगितलं, की चटया गुंडाळल्या जाणार. त्यानं भरलेल्या घराकडे एकवार पाहिलं.

“हो हो,” तो म्हणाला.

“तारखेचं मला विचारा!” दारातून आवाज आला. यू लासिनेम उभी होती, टोपली अजून पाठीवर. “सकाळपासून जो तो माझं अभिनंदन करतोय. काढा मात्र कुणी घेत नाही! म्बाह, माझ्याकडून नाही.”

इतकं रोखठोक ‘नाही’ त्या गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. एक आजी तर पंख्यानं वारा घ्यायची थांबली.

“पण यू,” वागिमिन चाचरला, “मी विचारलंच कुठे?”

“रोज बाजाराच्या वाटेवर तुमच्या मागे असते मी. सगळं ऐकते. त्या सीटवर जागा आहे कुठे? मी काय तुमिराहच्या मांडीवर बसू?”

वागिमिननं मान खाली घातली.

“हो,” तो म्हणाला. हा ‘हो’ एकदाच होता, दोनदा नव्हता.

मग पंख्यावाली आजी खुदकन हसली, आणि सगळे हसले, वागिमिनसुद्धा, डोळे पुसत. भात निवत होता, म्हणून आधी जेवणं उरकली. निघताना पार्जान कानाशी म्हणाला, “चाक बदलतो, म्बाह. गादीला हात लावत नाही.”

चटया गेल्या. वागिमिन एकटाच ग्लास विसळत बसला. अगदी सावकाश, कारण ते संपले की घर पुन्हा पूर्वीसारखं होणार होतं. तेवढ्यात यू लासिनेम विसरलेलं फडकं न्यायला परत आली. त्यानं धीर केला.

“यू, समजा... सीट रिकामी असती, तर?”

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

“तरी नाहीच म्हटलं असतं,” ती म्हणाली. “पण चहा पिऊन.”