फाटकापाशी थांबलेली गाडी

"उद्या बघाच जाऊबाई, फाटक आलं की हे गाडी हळू करतील. खास माझ्यासाठी!" ड्रायव्हरीणबाईंनी ठणकावून सांगून टाकलं.

सांगणं भागच होतं! थोरल्या जाऊबाईंचे यजमान बस चालवायचे आणि जाता-येता ती थेट दारात उभी करायचे. हे कौतुक ऐकून ड्रायव्हरीणबाईंचे कान किटले होते. आता देशभरचे रेल्वेमार्ग विजेवर जात होते आणि इथली पहिली विजेची गाडी त्यांच्या नवऱ्याच्या हाती आली होती. मग सोडतात होय!

नवऱ्याला मात्र घाम फुटला. "अगं, नेमका त्या फाटकापाशीच तारेचा एक तुकडा कोरडा ठेवलाय. त्यात वीजच नसते! तेवढं अंतर वेगाच्या जोरावर काढायचं. हळू केली की अडकलोच!"

"इतकुसं हळू हो!"

"शेजारी मोठे साहेब बसणार आहेत!"

"बरंच झालं. त्यांनाही कळू दे, घरात कुणाचं चालतं ते!"

सकाळी फाटकावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. इस्त्री केलेल्या जावयासारखी ताठ गाडी आली, हळू झाली, आणखी हळू झाली आणि चक्क थांबली!

"अगंबाई, थांबवलीच की!" जाऊबाईंचा आ वासला तो वासलेलाच. लोकांनी टाळ्या पिटल्या. ड्रायव्हरीणबाईंचे पाय काही जमिनीवर टेकेनात.

पण गाडी जागची हलेना. शेवटी त्याच लाजत इंजिनाच्या खिडकीखाली गेल्या. "अहो, पुरे आता! लोक बघतायत. निघा!"

पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखा एक चेहरा खिडकीतून बाहेर आला. "कशानं निघू? डोक्यावर वीज कुठाय?"

"धक्का मारायचा का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

कालच ज्याला निरोप दिला होता, त्या म्हाताऱ्या डिझेल इंजिनाला निरोप गेला. तोवर खाली उतरलेल्या साहेबांना वार्ताहरांनी घेरलं. "गाडी थांबली कशी? चूक कुणाची?" साहेब लालबुंद!

ड्रायव्हरीणबाईंनी ते ऐकलं मात्र. नवऱ्याची नोकरी! पदर खोचून त्या गर्दीत घुसल्या. "साहेब, यांना काही करू नका. मीच म्हटलं होतं, हळू करा म्हणून!"

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "असं होय! बाईंसाठी! चालायचंच. माणूसच आहे तो. लिहा हो, आम्ही माफ केलंय!"

केवढं मोठं मन! ड्रायव्हरीणबाईंना भरून आलं.

डिझेल खोकत खोकत मागून येऊन टेकलं, तसा नवरा खिडकीतून वाकून कुजबुजला, "काय करून बसलीस हे? हळू करायला साहेबांनीच लावलं! गर्दीत त्यांच्या सासूबाई होत्या, त्यांना हात करायचा होता. मी नको नको म्हणत होतो, पण ऐकतंय कोण!"

"म्हणजे... माझ्यासाठी नाही?"

"छे! तू कुठे उभी होतीस तेसुद्धा दिसलं नाही मला."

ड्रायव्हरीणबाईंनी मागे पाहिलं. जाऊबाई कान टवकारून जवळ येत होत्या.

"हळू बोला!" त्या दबक्या आवाजात नवऱ्यावर खेकसल्या. मग कमरेवर हात ठेवून सगळ्या फाटकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आणि पुन्हा माझ्यासाठी असलं काही करायचं नाही हं! साहेब रागावतात!"