झबलं, गाडी आणि खडखडाट

गाडीतलं मला कळतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची हकिकत वाचून तुमचा भलताच समज व्हायचा! कुओपिओ शहरापासून तासाभरावर, तळ्याकाठी आमची चाळीस घरं. त्या चाळीस घरांत हिवाळ्याआधी स्वतःची गाडी स्वतःच्या हातांनी तयार करणारे जे दोन-चार पुरुष उरलेत, त्यांतला मी एक. बाकीचे गाडी गॅरेजात देतात आणि तिथे बसून फुकटची कॉफी पितात.

गाडी मूळची सासरेबुवांची. गाडीचं वय एकतीस, सासरेबुवांचं ब्याऐंशी. लांबलचक, चौकोनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. अशा गाड्या आता कुणी बनवत नाही आणि बायकोच्या मते तेच योग्य आहे. गेल्या वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सासरेबुवांना सांगितलं, आता गाडी चालवणं बंद. त्याच आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावलं, किल्ली हातात ठेवली आणि म्हणाले, "घे." एवढंच! माझी बायको सिर्का सकाळच्या एका कॉफीला जितकं बोलते, तितकं हा उर्हो नावाचा गृहस्थ वर्षभर पुरवतो. पण दर रविवारी न चुकता आमच्या अंगणात यायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे, टपावर हलकेच थाप द्यायचे आणि निघून जायचे. त्यांचा तेवढाच एक लाड होता.

उन्हाळाभर गाडी झकास चालली. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे सौनाची वाफ घ्यायला गेलो, घामाघूम झालो, सॉसेज खाल्ले आणि परतीच्या वाटेवर पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज आला. खडाड्‌-खड!

"हे काय?" सिर्का म्हणाली.

"सस्पेंशन," मी म्हणालो. कसं ठासून म्हणालो, म्हणून सांगू! "थंडी पडली की रबरं आकसतात. एका शनिवारचं काम आहे."

"बघ हं रेयो. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आपल्या लेकीच्या, हेल्काच्या बाळाचं बारसं आहे. सगळं गणगोत चर्चच्या दारात उभं असणार. तिथे ही गाडी असा गळा काढत आली, तर सोमवारी भंगारात!"

"अगं, तुझ्या बाबांची गाडी आहे!"

"त्यांची आहे म्हणूनच इतके दिवस गप्प बसलेय."

आता यात आणखी एक भानगड होती. बारशाचं झबलं सासरेबुवांच्या कपाटात असतं. लांब, पांढरं, शंभर वर्षांपूर्वीचं. घरातल्या प्रत्येक बाळाला बारशाला तेच घालतात आणि मग खालच्या काठावर त्याच्या नावाचं अक्षर भरतात. सासरेबुवांचंही अक्षर त्यावर आहे. ते झबलं आणि ते स्वतः, दोघांना वेळेवर चर्चला पोचवायचं काम माझं. झबलं नाही तर बारसं नाही!

तर शनिवारी मी गाडी जॅकवर चढवली. कुंपणापलीकडे एन्सियो येऊन उभा राहिला. हा आमचा शेजारी. चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलाय, त्यामुळे त्याला वाटतं की गाडीतलं त्यालाही कळतं. त्याने बराच वेळ बघितलं, मग पाइप तोंडातून काढला.

"लिंक."

मी मागच्या चाकांच्या लिंक बदलल्या. दोन्ही! बोटांची सालटी निघाली. गाडी रस्त्यावर काढली, पहिला खड्डा आला. खडाड्‌-खड!

पुढच्या शनिवारी एन्सियो पुन्हा हजर. "बुश."

मी सांध्यांतले रबरी बुश बदलले. त्यासाठी गाडीखाली चार तास उताणा पडलो होतो. वर बर्फ भुरभुरत होतं आणि खाली पाठ गोठत होती. सिर्काने दारातून विचारलं, "जिवंत आहेस ना?" मी म्हणालो, "झालंच!" खड्डा. खडाड्‌-खड!

"शॉकअप," एन्सियो म्हणाला.

मागचे दोन्ही शॉकअप नवे घातले. त्याच झपाट्यात हिवाळ्याची सगळी तयारीही उरकून टाकली. बर्फावर पकड घेणारे खिळ्यांचे टायर चढवले, कूलंट बदललं, दारांच्या रबरांना सिलिकॉन चोपडलं, वायपर नवे लावले, इंजिन गरम ठेवायची वायर तपासली. अशी तयार झालेली गाडी उत्तर ध्रुवावर जाऊन आली असती! पण वाटेत एक जरी खड्डा लागला असता तर ध्रुवावरची सगळी अस्वलं उठून बसली असती.

"बाबांना एकदा विचार ना," सिर्का म्हणाली. "तीस वर्षं चालवलीय त्यांनी."

बघा, ही बायकांची बुद्धी! आमच्याकडे पुरुष पुरुषाला गाडीबद्दल विचारत नाही. विचारलं की कळत नाही असा अर्थ होतो. सौनात मी आणि सासरेबुवा दर शनिवारी तासभर उघडेबंब शेजारी बसतो, पण तिथेसुद्धा "वाफ टाकू का?" आणि "टाक" यापलीकडे आमचं बोलणं गेलेलं नाही. आमचे संबंध उत्तम आहेत ते यामुळेच.

"विचारायचं काय त्यात?" मी म्हणालो. "आता फक्त एक्सल उरलाय."

एक्सलवर मात्र वेळ आली नाही. बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मी डिकीत हत्यारं भरत होतो. पान्याची टोपी हातातून सुटली आणि डिकीच्या तळाच्या फटीत गेली. या गाडीच्या डिकीला तळाशी दोन बाजूंना दोन खोल खळगे आहेत. उजव्यात स्टेपनी. डाव्याचं झाकण मी कधी उघडलंच नव्हतं, त्यात काही नसतं हे मला माहीत होतं ना! टोपी काढायला म्हणून ते उघडलं.

आत दगड! काळे, भाजलेले, नारळाएवढे दगड, काठोकाठ! सौनाच्या शेगडीवरचे जुने दगड! वाफा खाऊन खाऊन दगड ठिसूळ झाले की आम्ही ते बदलतो. म्हणजे सासरेबुवांनी जुने दगड टाकून द्यायला म्हणून डिकीत भरले असणार आणि विसरून गेले असणार. मला एकदम वाईट वाटलं. म्हातारं माणूस, डोळे गेले, आता स्मरणशक्तीही चालली! त्यांना हे बोलून दाखवायचं? छे! आणि महिनाभर दगडांवर इलाज म्हणून मी शॉकअप बदलत होतो, हे एन्सियोला कळू द्यायचं? त्याहून छे!

मी दगड हातगाडीत भरले, आमच्या होडीच्या धक्क्यावर नेले आणि एक-एक करून तळ्यात फेकले. डुबुक! प्रत्येक डुबुकला मन हलकं होत होतं. काठाशी बर्फाचा पापुद्रा धरायला लागला होता, तोही फोडला. रविवारी सकाळपर्यंत तो पापुद्रा चांगला हातभर पसरला होता.

रविवारी पारा उणे पंधरा. पण माझी गाडी एका किल्लीत सुरू! सिर्का पुढे बसली, आम्ही सासरेबुवांना घ्यायला गेलो. ते काळा सूट घालून, झबल्याचा खोका छातीशी धरून फाटकात उभे होते. त्यांना मागे बसवलं. पहिला खड्डा आला. गाडी सुळकन पुढे. आवाज नाही! दुसरा खड्डा. चिडीचूप!

"ठीक आहे," सिर्का म्हणाली.

लग्नाच्या तीस वर्षांत तिने मला दिलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी! मी आरशातून सासरेबुवांकडे पाहिलं. ते कान देऊन ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठी होती. मला वाटलं, कौतुकाची असेल.

चर्च टेकाडावर आहे. चढाला लागलो, अर्ध्यात आलो आणि मागची चाकं फिरायला लागली. नुसतीच फिरायला! गाडीने नाक डावीकडे केलं, मग उजवीकडे, मग हळूहळू उलटी घसरत पायथ्याशी जाऊन थांबली. पुन्हा चढवली. पुन्हा खाली! तिसऱ्यांदा तर आम्ही चर्चकडे शेपूट करून उतरलो. वर घंटा वाजायला लागली.

"रेयो! झबलं आपल्याकडे आहे! बाळ तिथे उघडं असेल!"

"टायर नवे आहेत! खिळे आहेत! मला कळत नाही हे…"

तोंडातून निघून गेलं. मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"दगड आहेत ना?" सासरेबुवांनी विचारलं.

"कुठले दगड, बाबा?" सिर्काने विचारलं.

"डावीकडचे. मागच्या चाकांवर वजन लागतं हिवाळ्यात. दर नोव्हेंबरला भरतो." ते जरा थांबले. इतकं बोलून त्यांना दम लागला असावा. "यंदा पोतं फाटलं होतं. तसेच भरले. तुम्ही सॉसेज खात होतात तेव्हा."

सिर्का हळूहळू माझ्याकडे वळली.

"कुठे आहेत दगड?"

"तळ्यात."

"तळ्यात?"

"मला वाटलं बाबा विसरले. मी त्यांना बोललो नाही… म्हटलं वाईट वाटेल."

"आणि बाबा, तुम्ही तरी का नाही सांगितलं?"

"त्याला गाडीतलं कळतं," सासरेबुवा म्हणाले.

टोमणा नव्हता हो! त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं आणि तेच मला जास्त लागलं. वर घंटा थांबली. सासरेबुवांनी मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"वजन किती तुझं?"

"शहाण्णव."

"दगड साठ किलो होते," ते म्हणाले. "पुरेल."

झाकण दोरीने अर्धवट बांधून, सुटाबुटात, स्टेपनीला मिठी मारून मी डिकीत पडलो. सिर्का गाडी चालवायला बसली. तिने चढावर वेग धरला आणि गाडी, सांगायला आनंद वाटतो, एकदाही न घसरता सरळ वर चढली! चढावर खड्डे मात्र होते. प्रत्येक खड्ड्याला माझं डोकं झाकणाला लागत होतं आणि मी काही गप्प बसणारा माणूस नाही.

चर्चच्या दारात सगळं गणगोत उभं होतं. हेल्का बाळ घेऊन धावत आली. "आई, कसला आवाज हा? आणि बाबा कुठेयत?"

सासरेबुवांनी आधी झबलं तिच्या हातात दिलं, मग सावकाश दोरी सोडली आणि हात देऊन मला बाहेर ओढलं. शेवटी गाडीच्या टपावर हलकेच थाप मारली.

"शॉकअप चांगले घातलेयस," ते म्हणाले.

बारसं वेळेवर झालं. मुलाचं नाव उर्हो ठेवलं, आणि सासरेबुवांचा चष्मा पुसून होईना. तळं आता पार गोठलंय. एन्सियो विचारतो, "एक्सल होता ना?" आणि मी हो म्हणतो. सिर्काने गाडी भंगारात काढायचा विषय सोडून दिलाय. "खडखड गाडीची नव्हतीच मुळी," ती म्हणते. सोमवारी भंगारात मग कोणाला द्यायचं, ते मी अजून विचारलेलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.