घंटीची हद्द

आमच्या मोजणी कचेरीतले हेडक्लार्क टिपुगडे भाऊसाहेब यांचं टेबल दिवाळीपासून रोज मागे सरकतंय, आणि त्यांच्या मागची भिंतही तेवढीच मागे होते. आधी वीतभर, मग हातभर, आता रोज वीस पावलं. चहापाणी मी बघतो, म्हणून मला ठाऊक. चहा पोचेस्तोवर साय धरते. अर्ध्या वाटेत टेकायला एक बाकडं ठेवलंय, त्यावर कचेरीचा नंबरही पडलाय.

भाऊसाहेबांची नोकरी चौतीस वर्षं झाली. पूर्वी त्यांचं हसणं रस्त्यावर ऐकू जायचं. मग बोलणं कमी झालं, डबा एकटेच खाऊ लागले, कुणाच्या निरोपाच्या कार्यक्रमालाही येईनात. काम मात्र चोख. रिटायर व्हायला दीड महिना राहिलाय.

नवे आलेले कुरणे साहेब संशयी. भिंतीपलीकडे गुरांचा दवाखाना आहे, तिथं त्यांनी चौकशी केली. दवाखान्याची जागा बोटभरही कमी झालेली नव्हती.

"मग हा माणूस जागा आणतो कुठून?" साहेब म्हणाले.

मोजणीदार बागवान सकाळी टेप घेऊन आत गेले, ते जेवणाच्या सुट्टीनंतर उगवले.

"आतून बाराशे दहा मीटर. बाहेरून पन्नास फूट. दोन्ही बरोबर आहे, साहेब."

"दोन्ही कसं बरोबर?"

"दोनदा मोजलंय. पटत नसेल तर हरकत घ्या."

टेबल हद्दीबाहेर निघालं, तर भाऊसाहेब दिवाळीपासून गैरहजर धरायचे. गैरहजर धरले की चौतीस वर्षांची नोकरी तुटली. साहेबांनी विचार करून ठरवलं, आपली घंटी जिथवर ऐकू येते तिथवर कचेरी.

"मामा," मला म्हणाले, "अकरा ते सव्वाअकरा तिकडं उभे राहा. घंटी किती वेळा वाजली ते परत येऊन सांगा. तुम्ही त्यांच्याच बाजूचे, माहितीये मला. म्हणून आकडा आधीच लिहून पाकिटात ठेवलाय."

साहेब घंटी नेहमी तीनदाच दाबतात. ऐकू नाही आली तरी तीन सांगायचं, असं मी बाकड्यावर टेकून ठरवलं.

भाऊसाहेब लिहीत होते. मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी वर न बघता गार चहा पिऊन टाकला. सव्वाअकरा झाले. काही ऐकू आलं नाही.

"येतो भाऊसाहेब. तीन सांगतो."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. संक्रांतीपासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"एकदाही नाही म्हणून सांग."

"अहो, नोकरी जाईल की तुमची!"

"तो घंटी वाजवायचाच नाही," ते म्हणाले आणि पुन्हा लिहायला लागले.

परतताना बाकड्यावर जरा जास्तच बसलो. खोटं सांगायची मनाची तयारी झाली होती. खरं सांगायचं म्हटल्यावर बाकडं सोडवेना.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"एकदाही नाही, साहेब."

बागवानांनी मान खाली घातली. साहेबांनी पाकीट फोडून कागद उलटा केला. त्यावर शून्य होतं.

"मी घंटीला हातच लावला नव्हता," ते सावकाश म्हणाले. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कोण आहे तिकडं? कानानं ऐकलं."

साहेब बराच वेळ माझ्या कानाकडे बघत राहिले. पण आकडा जुळला होता. त्यांनी फायलीवर लिहून मला वाचून दाखवलं, घंटी टेबलापर्यंत स्पष्ट ऐकू येते, सबब टेबल हद्दीत. मी खाली अंगठा उठवला.

आता चहा थर्मासमधून नेतो, बरोबर दोन कप घेतो. साहेबांचा माझ्यावर डोळा आहे. परवा त्यांनी माझ्या स्टुलाच्या चारी पायांभोवती खडूनं खुणा केल्या. आज सकाळी बघितलं, तर खुणा स्टुलाच्या पुढं होत्या. वीतभर.