लालासाहेबांच्या सावडण्याची वेळ

लोकशाहीत माहिती वेळेवर पोहोचणे अत्यंत आवश्यक असते. ती खरी निघाली तर दुधात साखर. हे तत्त्व रहिमतपूरच्या वीरधवलरावांना ऐन तरुणपणी उमगले आणि ‘गरुडवाणी कम्युनिकेशन्स’ ही कंपनी जन्माला आली. भांडवल म्हणजे एक मोबाइल आणि वाढदिवसाचे फ्लेक्स छापणारा मेहुणा. आज कंपनीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सातारा-सांगलीत घरोघरी आहेत (बाहेर पडणाऱ्यास सन्मानाने परत घेतले जाते).

कंपनीची खरी भरभराट झाली ती निधनवार्तांवर. वाढदिवसाला गेले नाही तरी चालते. सावडायला गेले नाही, तर भावकी जन्मभर लक्षात ठेवते. समाजाची ही अडचण ओळखून वीरधवलराव दवाखान्यात दाखल झालेल्या प्रत्येक सत्तरीपुढच्या माणसाची बातमी आधीच तयार ठेवू लागले: फोटो, हळहळ आणि सावडण्याची वेळ. (निधनाचे कारण सर्वांना ‘अल्पशा आजाराने’ हेच ठेवल्याने कामाचा उरक वाढला.)

निवृत्त सुभेदार लालासाहेब हर्नियाच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला दाखल झाले आणि त्यांची बातमी त्याच दुपारी सुटली. इतर चॅनेलांना ती आजतागायत मिळालेली नाही, याचा कंपनीला रास्त अभिमान आहे.

ऑपरेशन उत्तम झाले. लालासाहेबांनी खाटेवरूनच फोन लावला. “आरं वीरधवल, मी जित्ता हाय! रविवारी आमच्या नातीचा, साक्षीचा साखरपुडा हाय. नवऱ्याकडची मंडळी सुतक म्हणून मोडाय निघालीत. खुलासा टाक की बाबा!”

“आवं आबा, तुमचं खरं असंल,” वीरधवलराव नम्रपणे म्हणाले, “पर तिकडं दोन हजार लोकांनी श्रद्धांजली वाहिलीया. आमी दोनी बाजू दाखवतो.”

लालासाहेबांनी फलटणच्या व्याह्यांना व्हिडिओ कॉल करून तोंड दाखवले. व्याही म्हणाले, “तुमी हाय, हे आमाला दिसतंय. पर आमच्या भावकीला ग्रुपवर दिसाय पायजे.”

शेवटी खुलासा निघाला. तोच गणवेशातला फोटो, खाली मजकूर: ‘लालासाहेब हयात असल्याचा कुटुंबीयांचा दावा.’ त्याखाली तासाभरात शेकडो जोडलेले हात आले, आणि ‘आत्म्यास शांती लाभो’. व्याह्यांच्या भावकीने ते पाहिले आणि साखरपुडा मोडला.

साक्षी खूप रडली. मग तिने खुलाशाखालचे सगळे अभिप्राय एकेक करून वाचले. त्यात तुमचाही आहे. तुम्हाला आठवणार नाही. फोटो दिसला, की तुम्ही हात जोडून पुढच्या ग्रुपवर जाता.