रॉडनीची मावशी

गुरुवारी दुपारी लॉर्ना हुडाक एका अनोळखी माणसाच्या स्मारकापुढे गुडघे टेकून प्लास्टिकच्या फुलांखाली चाचपत होती, आणि नेमकी तेव्हाच तिच्या मागे एक गाडी येऊन थांबली.

जागा तशी आडबाजूची. कोळशाची रेल्वे बंद पडल्यावर रूळ उखडून तिथे पायी आणि सायकलवर फिरणाऱ्यांसाठी वाट केली होती. ती वाट मिलर्स गॅपच्या रस्त्याला जिथे छेदते, तिथे कडेला हा पांढरा क्रूस होता. त्यावर काळ्या अक्षरांत एकच नाव: रॉडनी.

लॉर्नाचं त्या रॉडनीशी काही घेणं-देणं नव्हतं. तिला हवी होती एक डबी. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यावर तिला जिओकॅशिंगचं वेड लागलं होतं. कुणीतरी डबी लपवायची, फोनवर जागेची खूण द्यायची, बाकीच्यांनी ती हुडकून आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तिथे ठेवून द्यायची. कडक नियम एकच, बाहेरच्या माणसाला पत्ता लागता कामा नये. ही डबी तिला मार्विन स्टोल्ट्झने सुचवली होती. या खेळात तो कायम तिच्या एक पाऊल पुढे असायचा आणि ते बोलून दाखवायचा. "अगदी सोपी आहे गं," तो साळसूदपणे म्हणाला होता, "तुझ्यासारखीला पाच मिनिटांचं काम."

गाडीतून काठी टेकत एक म्हातारी उतरली. फुलाफुलांचा झगा, पांढरेशुभ्र केस. लॉर्नाने झटकन हात बाहेर काढला आणि काही सुचेना म्हणून तो छातीवर ठेवला.

"अगंबाई," म्हातारी हळुवारपणे म्हणाली, "तुम्ही रॉडनीच्या कोण?"

नियम म्हणजे नियम. "मावशी," लॉर्ना म्हणाली.

"मावशी!" म्हातारीने तिचे दोन्ही हात धरले. "मी एडिथ क्रायडर. सहा वर्षं झाली, आमच्या चर्चच्या बायका इथे फुलं ठेवतायत. त्याच्या घरचं एक माणूस फिरकलं नाही हो. सख्खी मावशी ना?"

चुलत म्हटलं असतं तर कदाचित सुटका झाली असती. पण म्हातारीच्या डोळ्यांत पाणी बघून लॉर्ना म्हणून गेली, "सख्खी."

"म्हणजे आईकडून. काय नाव हो त्याच्या आईचं?"

"जेराल्डिन," लॉर्नाने ठोकून दिलं. हे तिच्या जुन्या बसचं नाव होतं.

"आणि खायला काय आवडायचं हो त्याला?"

लॉर्नाच्या डोक्यात आयुष्यभर जिचा तिटकारा केला ती एकच वस्तू आली. "बिटाच्या रसात मुरवलेली अंडी."

"बघा! इतकी साधी गोष्ट, पण कुणाला ठाऊक नव्हती." एडिथने डोळे पुसले. "येत्या रविवारी चर्चच्या तळघरात रॉडनीच्या आठवणीचं जेवण आहे. तुम्ही यायचं आणि दोन शब्द बोलायचे."

"मी आले असते हो, पण गाडी दुरुस्तीला टाकलीय."

एडिथने लॉर्नाच्या शेजारीच उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

"ही नवऱ्याची," लॉर्ना म्हणाली.

"मग मी न्यायला येते. पत्ता सांगा."

"गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवत नाहीत."

"उतार बांधलाय," एडिथ म्हणाली. "मीच बांधून घेतला."

घरी आल्यावर लॉर्नाने नवऱ्याला सगळं सांगितलं. विल्बर हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून पोट धरून हसला. "म्हणजे मी त्याचा काका झालो! मलाही जेवण आहे का?"

"हसताय काय? मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलले मी. तेही रडणाऱ्या म्हातारीपुढे."

"मग फोन कर आणि खरं सांग."

लॉर्नाने शनिवारपर्यंत चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी तिने तोंड उघडायच्या आत एडिथ काहीतरी आनंदाची बातमी द्यायची. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत 'जेराल्डिन' हे नाव घातलं होतं. लॉर्नासाठी पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. चौथ्या खेपेला कळलं की चाळीस अंडी बिटाच्या रसात घातली आहेत. चाळीस अंडी मुरायला पडल्यावर कोणत्या तोंडाने खरं सांगायचं?

रविवारी काळा झगा घालून ती तळघरात शिरली. लांबच लांब टेबल, भाजलेलं डुकराचं मांस, चीज घातलेलं बटाट्याचं कालवण, थरथरणारी हिरवी जेली. साधारण सतरा-अठरा माणसं बसली होती. त्यांच्यात, शर्टाच्या गळ्यात रुमाल खोचून, मार्विन स्टोल्ट्झ.

"हे मार्विन," एडिथ म्हणाली, "रॉडनीचे सैन्यातले दोस्त."

मार्विनने अत्यंत गंभीर चेहऱ्याने तिचा हात दाबला. "तुमच्याबद्दल फार बोलायचा तो, मावशी."

"तू इथे काय करतोयस, मेल्या?" लॉर्ना दातओठ खात कुजबुजली.

"दुःख करतोय," मार्विन म्हणाला. "बोल आता, सगळे वाट बघतायत."

ती बोलायला उभी राहिली. सुरुवातीला दोन वाक्यांवर भागवायचं तिने ठरवलं होतं; पण सगळे इतके मान खाली घालून ऐकत होते की तिची जीभ सैल सुटली. रॉडनी लहानपणी बसमधून पडला होता. त्याला कुत्र्यांची भीती होती, पण तो कबूल करत नसे. एका नाताळात त्याने जेराल्डिनला स्वतः विणलेला मफलर दिला होता आणि तो इतका लांब होता की दोघांनी मिळून गुंडाळला. ऐकणाऱ्यांनी एकेक करून रुमाल तोंडाला लावले, खांदे गदगदू लागले. लॉर्नालाच भरून आलं. ती खाली बसली तेव्हा एडिथने तिच्या ताटात तीन लालभडक अंडी वाढली. मावशीने ती खाल्ली. सगळी.

तिसरं अंडं घशाखाली उतरलं आणि तिला राहवलं नाही. "एडिथबाई, मला काही सांगायचंय. मी त्याची मावशी नाही."

मग कोपऱ्यातून एक माणूस फिस्सकन हसला, आणि मग सगळी पंगतच फुटली. ते रुमाल रडू लपवायला नव्हते.

"ठाऊक आहे," एडिथ म्हणाली. "गाडीतूनच कळलं मला. दुःखी माणूस क्रूसाकडे बघत उभं राहतं, क्रूसाखाली हात घालून चाचपत नाही. डबी मीच लपवलीय. ती मागच्या कुंपणाच्या खांबात आहे. क्रूसाला हात लावू नका, असं मी फोनवरच्या खुणेखाली स्वच्छ लिहिलंय. एकजण वाचेल तर शपथ!"

"म्हणजे हे सगळे...?"

"तेही तुझ्यासारखेच सापडले. हे म्हणे त्याचे संगीतशिक्षक, ही त्याच्या मोडलेल्या लग्नाची नवरी, तो त्याला घोड्यावर बसायला शिकवणारा." एडिथने एकेकाकडे काठी दाखवली. "आणि मार्विनला दोन वर्षांपूर्वी पकडला."

लॉर्नाचे कान तापले. ती पर्स उचलून उठली. "मेलेल्या माणसाची थट्टा करता? लाज नाही वाटत?"

"बस गं जरा," एडिथ म्हणाली. या वेळी तिचा आवाज निराळा होता. "रॉडनी खराच होता. न्हाव्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटा राहायचा. वादळ झालं की पहाटे उठून त्या वाटेवरच्या पडलेल्या फांद्या उचलायचा, कुणी सांगितलं नव्हतं तरी. तिथेच एका सकाळी सायकलवरून उतरला, बसला, आणि उठला नाही. दफनाला आम्ही चौघं होतो. मी, पाद्रीबाबा आणि खड्डा खणणारे दोघं. मला ते सहन होईना. नातीने हा खेळ शिकवला, तेव्हा म्हटलं, निदान कुणीतरी तिथे थांबेल. लोक थांबले आणि आपणहून नाती सांगायला लागले. मी कशाला नाही म्हणू?"

लॉर्नाने पर्स खुर्चीला अडकवली.

"जेली इकडे सरकवा," ती म्हणाली.

गप्पा पुन्हा सुरू झाल्या. संगीतशिक्षक म्हणाले, रॉडनी व्हायोलिन वाजवायचा तो डाव्या हाताने. मार्विन म्हणाला, छट्, बंदूक तर उजव्या हाताने धरायचा, मी शेजारीच होतो. मोडलेल्या लग्नाच्या नवरीने अंगठीचा दाखला दिला. आवाज चढले. शेवटी सगळ्यांनी लॉर्नाकडे पाहिलं, कारण रक्ताचं नातं तिचं एकटीचंच होतं.

लॉर्नाने चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं. "डावखुरा," ती म्हणाली. "त्याची आईही डावखुरीच."

"अगं, पण मी त्याला ओळखत होते," एडिथ म्हणाली. "सही करायचा तो उजव्या..."

"एडिथबाई," लॉर्ना म्हणाली, "आमच्या घरातलं आम्हाला जास्त माहीत."